सगळा दोष मोटरचा

मी एक मोटर बोलतेय. मोटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चार चाकं आणि हॉर्न आला असेल, तर माफ करा, तेवढी माझी ऐपत नाही. मी मुठीत मावणारी, पाठीतून दोन तारा बाहेर आलेली, रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या छोट्या बोटीत बसवायची मोटर. यातला 'शर्यतीच्या' हा शब्द मी जरा दबक्या आवाजातच उच्चारते. शर्यती मी पुष्कळ केल्या, पण बहुतेक सगळ्या पुढच्या बोटींच्या पाठी बघत केल्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं आम्हा बहिणींची फौजच होती. एकाच पट्ट्यावरून सगळ्या पुढं सरकायचो. कुणाच्या नशिबी केस वाळवायचं यंत्र आलं, कुणाच्या नशिबी गाडीची काच वर-खाली करणं. माझ्या अंगावर मात्र एका बाईनं लाल-पिवळ्या ज्वाळांचं स्टिकर चिकटवलं आणि त्यावर 'रेसिंग' असं छापलेलं होतं. आतून मी आणि ती काच वर-खाली करणारी, आमच्यात काडीचा फरक नव्हता. तीच तार, तेच चुंबक, तेच कार्बनचे दोन तुकडे. पण स्टिकर लागलं आणि माझं डोकं फिरलं. तसं फिरणं हाच माझा धंदा आहे म्हणा, पण हे जरा जास्तच फिरलं.

छंदाच्या वस्तूंच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात जाऊन बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आपल्यालाच बघायला आलंय, अशा तोऱ्यात मी असायचे. गिऱ्हाइकं माझ्यावरून नजर फिरवून वरच्या फळीकडं जायची. वरच्या फळीवर खऱ्या वेगवान मोटरी होत्या.

मग एके दिवशी ताई आली.

ताई म्हणजे गाडी चालवायला शिकवणारी बाई. निम्म्या गावाला तिनं क्लच सोडायला शिकवलं होतं. आवाज कधी चढायचा नाही, पण ती "हळू" म्हणाली की समोरचा ट्रकही हळू होईल असं वाटायचं. तिची स्वतःची एक निळी बोट होती आणि दर रविवारी तळ्यावर ती शर्यतीत उतरायची. सहसा जिंकायची.

"भावासाठी बोट हवीय," ती दुकानदाराला म्हणाली. "दातांचा डॉक्टर आहे. बायको गेल्यापासून फक्त तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशी बोलतो. त्यांना उत्तर देता येत नाही ना, म्हणून त्याला ते सोयीचं पडतं."

दुकानदार कपाळावर भिंग चढवून बसलेला, अतिशय गंभीर माणूस. त्यानं वरच्या फळीकडं हात नेला. "वेगवान मोटर देतो."

"नको, नको. माझ्या बोटीपेक्षा हळू हवी."

"हळू?"

"हरला तर पुढच्या रविवारी परत येईल. जिंकला तर म्हणेल, झालं एकदाचं, आणि घरी जाऊन बसेल. मी ओळखते त्याला."

दुकानदाराचा हात वरच्या फळीवरून खाली, खाली आणि आणखी खाली आला आणि माझ्यावर येऊन थांबला. अशी माझी निवड झाली. त्या वेळी मी मात्र असं समजले की अखेर कुणीतरी माझं स्टिकर नीट वाचलं.

डॉक्टर पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून तळ्यावर आला. पांढऱ्या बोटीच्या पोटात मी बसले होते. रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात धरायचा, त्याच हाताच्या बोटानं चाप ओढला की वेग वाढतो, आणि बाजूला एक छोटं चाक असतं, ते उजव्या हातानं फिरवलं की बोट वळते. डॉक्टरनं चाप ओढला आणि चाक फिरवायचं विसरला. आम्ही सरळ लव्हाळ्यात. तिथून निघालो ते बदकांत. बदकांतून निघालो तोपर्यंत ताईची निळी बोट शर्यत संपवून काठाला लागलेली होती.

"मोटर कमी पडते," डॉक्टर म्हणाला.

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की ते मला माझं नाव वाटायला लागलं. वळण चुकलं, मोटर कमी पडते. सूर्य डोळ्यांवर आला, मोटर कमी पडते. एकदा तर बॅटरी घरीच राहिली होती, तरी काही वेळ संशय माझ्यावरच होता.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, काठावर घडीच्या खुर्चीत बसून शिट्टी वाजवायचे आणि मधल्या वेळात संत्री सोलायचे. "डॉक्टर," ते शांतपणे म्हणायचे, "मोटर कमी पडते हे खरं. पण ती लव्हाळ्यात स्वतःहून जात नसावी."

पण डॉक्टर येत राहिला. इस्त्रीचा शर्ट गेला, जुना स्वेटर आला. चकचकीत बूट गेले, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आले. तो भांडायला लागला. शर्यत संपल्यावर ताईच्या घरी जेवताना मीठदाणी म्हणजे निळी बोट आणि चमचा म्हणजे आपली बोट असं मांडून तो वळणं समजावून सांगायचा. एकदा त्याला इतकं हसू आलं की पाणी नाकातून आलं. भावोजींनी ताईकडं बघितलं, ताईनं ताटाकडं बघितलं. मी पिशवीत होते. मला वाटलं, माझ्या कामगिरीवरच हसताहेत. तसं ते होतंही.

अशी वर्षं गेली. माझे कार्बन झिजत गेले. सुरुवातीला मी गुणगुणायचे, मग घरघरायला लागले, पुढं पुढं मी कण्हायचे. आणि एका रविवारी शेवटच्या फेरीत पाणवनस्पतीचा एक लांबलचक वेल बोटीखालच्या पंख्याभोवती गुंडाळला गेला. शहाण्या माणसानं अशा वेळी चाप सोडायचा असतो. पण त्या दिवशी ताईची बोट अगदी हाताच्या अंतरावर होती. ताईनं वळणं जरा लांबून घेतली होती आणि डॉक्टरला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकण्याचा वास आला होता.

पुढच्याच क्षणाला त्याला दुसरा वास आला. तो माझा होता.

मी तळ्याच्या मधोमध धूर सोडत थांबले. स्टिकरवरच्या ज्वाळा आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या वाटल्या असतील. डॉक्टर रबरी बुटांत पाणी भरेपर्यंत आत चालत गेला आणि बोट काखेत मारून परत आला.

संध्याकाळी बंद दवाखाना उघडून त्यानं मला रुग्णांच्या खुर्चीशेजारच्या ट्रेवर ठेवलं. दात बघायचा तो छोटा गोल आरसा माझ्या पोटात घातला, वरून दिवा पाडला आणि बराच वेळ बघत राहिला.

"फार उशीर केलात," तो सवयीनं मला म्हणाला. मग स्वतःच दचकला, आरसा बाजूला ठेवला आणि निकाल दिला. "काढावी लागणार."

इथून सुरू झाली नव्या मोटरची निवड. मी ती अगदी जवळून पाहिली, कारण दांड्याची जाडी आणि भोकांचं माप जुळवायला नमुना म्हणून डॉक्टरनं मला कोटाच्या खिशात ठेवलं होतं. आपल्या जागी कोण येणार हे ठरवायला आपल्यालाच घेऊन हिंडावं, हा मान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

डॉक्टर झपाटला. जेवताना मोटरींचे व्हिडिओ, झोपताना मोटरींचे व्हिडिओ. खुर्चीत झोपलेल्या रुग्णाच्या तोंडात कापूस कोंबून तो विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं, दोन तारांचीच घ्यावी की नवीन तीन तारांची?"

"आँ," रुग्ण म्हणायचा.

"बरोबर. मलाही तसंच वाटतं."

अशी सर्वांची संमती घेऊन तो एकटाच दुकानात गेला आणि सर्वांत वरच्या फळीवरची सर्वांत मोठी मोटर मागितली. दुकानदारानं भिंग खाली ओढलं. "बोट केवढी आहे? कंट्रोलर कुठला आहे?"

"चांगला आहे," डॉक्टर म्हणाला.

ती मोटर काय सांगू तुम्हाला! सोनेरी अंग, पाणी खेळवून थंड ठेवायचा वेगळा अंगरखा, तीन जाडजूड तारा. मी तिचं नाव पहिलवान ठेवलं. हेवा वाटला का विचाराल, तर वाटला. रात्रभर खिशात तळमळले असते, पण तळमळायला लागणारे कार्बन शिल्लक नव्हते.

घरी आल्यावर डॉक्टरला कळलं की बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या, बोटीतल्या कंट्रोलरला जागा दोनच तारांची आहे. तीन तारा हातात धरून तो त्या दोन भोकांकडं कितीतरी वेळ बघत बसला. मग नवा कंट्रोलर आला. मग नव्या कंट्रोलरला पुरेल अशी बॅटरी आली. बॅटरी मोठी म्हणून बोटीचं आतलं लाकूड तासावं लागलं. अखेर त्यानं न्हाणीघरातल्या टबात पाणी भरलं, बोट सोडली आणि चापाला नुसतं बोट लावलं. पाणी छताला गेलं. उतरताना ते डॉक्टरवरून उतरलं.

"दम आहे," चष्मा पुसत तो समाधानानं म्हणाला.

रविवारी तळ्यावर पहिलवाननं बोटीचं नाक वर केलं, अख्खी बोट पाण्यातून उचलली, हवेत तिला उताणी केली आणि थेट तळाशी घेऊन गेली. सगळं इतक्या झटक्यात झालं की भावोजींची शिट्टी तोंडात तशीच राहिली.

ताई हसत हसत गवतावर बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अरे छोट्या, ती बोट होती की पाणबुडी?"

"वारा होता," बोट पाण्यातून ओढून काढत डॉक्टर म्हणाला. पहिलवान नवी असल्यामुळं तिला दोष देणं त्याला जड गेलं. त्यासाठी मीच लागायचे.

"मोटर निवडायची अक्कल तुला नाही," ताई उठत म्हणाली. "उद्या मी येते दुकानात."

दुसऱ्या दिवशी दोघं ताईच्या शिकवणीच्या गाडीतून गेले. त्या गाडीला दोन्ही बाजूंना ब्रेक होते. डॉक्टर चालवत होता आणि ताई नेहमीसारखी शेजारी बसली होती. ती सगळ्या गावाच्या शेजारीच बसत आलेली, त्यामुळं त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

दुकानदारानं काचेच्या टेबलावर तीन मोटरी मांडल्या आणि शेजारी मला. लग्नाच्या फोटोत काळवंडलेली आत्या उभी करावी तशी मी दिसत असणार.

"मोटरीवर छापलेला हा वेगाचा आकडा मोठा म्हणजे मोटर भरभर फिरते, पण पाणी रेटायला दम कमी," दुकानदार सांगू लागला. "आकडा लहान आणि अंग लांब, ती हळू उचलते पण पकडून ठेवते. बोटीच्या वजनाला कुठली पेलते ते बघायचं. पंखा मोठा लावलात तर हीसुद्धा जळेल."

ताईनं पहिली मोटर उचलली. चांगल्या मोटरीचा दांडा बोटांनी फिरवला की आत चुंबकाचे बारीक टप्पे जाणवतात. ताई डोळे मिटून ते टप्पे चाचपत होती. मग तिनं मोटर परत काचेवर ठेवली. पण सोडली नाही, हात तिच्यावरच राहिला.

टक टक टक टक.

काच वाजत होती. दुकानदाराला वाटलं, बाई विचार करताहेत. पण डॉक्टर दुसऱ्यांच्या तोंडात सुई धरणारा माणूस. हात कधी थरथरतो आणि कधी बोटं वाजवतो, यातला फरक त्याला समजावून सांगावा लागत नाही. तो त्या हाताकडं बघत राहिला. ताईनं डोळे उघडले, त्याला बघताना बघितलं आणि हात पर्समध्ये घातला.

"नंतर ठरवू," ती म्हणाली.

डॉक्टरनं मला खिशात टाकलं. गाडी निघाली.

"कधीपासून?" डॉक्टरनं विचारलं.

गाडी गचकन थांबली. ताईनं तिच्या बाजूचा ब्रेक दाबला होता.

"समोर सिग्नल आहे. लक्ष कुठं आहे तुझं?"

"ताई, कधीपासून?"

"बरेच महिने झाले. डॉक्टरना दाखवलंय. खऱ्या डॉक्टरना." ती खिडकीबाहेर बघत होती. "गोळ्या चालू आहेत. हे थांबणारं नाही, हळूहळू वाढणारं आहे, असं म्हणाले. शिकवणी बंद केली. तुझ्या भावोजींना माहीत आहे."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस? माझ्यापुढं जायचं नाही म्हणून मागं राहिला असतास."

"मी तसाही मागंच असतो!"

"हो, पण मनापासून असतोस." सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, गाडी जागची हलली नाही. "छोट्या, मी तळ्यावर यायची बंद झाले, तर तू येशील?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं."

मग गाडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर ताईनंच विषय बदलला. "आणि ही खिशातली मोटर मी मुद्दाम हळू बघून आणली होती, ते पण आता सांगून टाकते."

डॉक्टरनं खिशावरून मला चाचपलं. "इतकी वर्षं मी म्हणत होतो, मोटर कमी पडते."

"बरोबर म्हणत होतास. पण वेगवान असती तरी हरलाच असतास."

दोघंही हसले. मीही हसले असते, पण नुकतंच मला माझ्या निवडीचं खरं कारण पुन्हा एकदा तोंडावर ऐकावं लागलं होतं.

त्यानंतर डॉक्टर चुकीच्या वाटेनं चांगलं वागायला लागला. ताईची पिशवी उचल, ताईच्या बोटीची बॅटरी लाव, ताईला खुर्ची दे. एकदा म्हणाला, "तुझ्या बोटीला एखादी मऊ मोटर बसवू या का? चाक जरा इकडंतिकडं झालं तरी बोट भडकणार नाही अशी?"

"माझ्या बोटीला हात लावलास तर हात मोडून ठेवीन," ताई म्हणाली. "मला चमच्यानं भरवायचं काम नाही."

आणि रविवारी ती नेहमीप्रमाणं निळी बोट घेऊन उतरली. डॉक्टरची बोट उघड्या पोटानं गवतावर पडली होती, मी खिशात. ताईचा डावा हात घट्ट होता, चापावरचं बोट तर गवंड्यानं ओळंबा धरावा तसं स्थिर. पण उजवा हात चाकावर नाचत होता. पाण्यावर निळी बोट दारू प्यायल्यासारखी नागमोडी चालली. पहिलं वळण कसंबसं गेलं. दुसऱ्या वळणाला बोट सरळ दगडी काठाकडं निघाली, तीही पूर्ण वेगात. ताई चाप सोडेना. चाप सोडणं म्हणजे कबूल करणं.

डॉक्टरनं विचार केला असता, तर त्याचा हात पुढं गेलाच नसता. त्यानं विचार केला नाही. तो तिच्या उजव्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि आपला उजवा हात तिच्या हातावरून चाकावर ठेवला. बोट दगडापासून वळली. काठावर पाण्याचा फटकारा बसला. बोट सुटली.

मग त्याला कळलं आपण काय केलंय. त्यानं हात काढायला घेतला.

"आता सोडू नकोस," ताई समोर बघत कुजबुजली. "वळण येतंय."

त्यानं सोडलं नाही. तिनं हळूच आपला हात खालून काढून घेतला. वेग तिचा, वळण त्याचं. आणि तोंड दोघांचं! "आत्ता नको, आत्ता नको, आता... अरे, उशीर केलास!" "तू वेग कमी का नाही केलास?" "वेग कमी करून कोण जिंकलंय?" "काठ दिसत नाही का तुला?" "काठ तुझ्याकडं आहे, मी वेग बघतेय!" सगळं तळं शर्यत सोडून यांच्याकडं बघत होतं. निळी बोट शेवटून पहिली आली. भावोजी शिट्टी वाजवायला विसरले, आणि संत्र्याच्या सालीनं डोळे चुरचुरले असं सांगून उगाच नाक पुसत राहिले.

परतताना ताई म्हणाली, "माझी बोट एका माणसासाठी आहे. तिला दोघांचा कारभार सोसवत नाही. तुझ्या बोटीत चांगली मोटर बसवू."

आता खरी निवड झाली. दोघं पुन्हा त्याच काचेपाशी उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, "शर्यत जिंकायची आहे ना?"

"भांडायला वेळ मिळेल एवढी हळू उचलणारी हवी," ताई म्हणाली.

"आणि वळणानंतर पळणारी," डॉक्टर म्हणाला.

"आणि हिच्यासारखी तक्रार करत बसणार नाही अशी," असं म्हणून ताईनं माझ्याकडं बोट दाखवलं. हे मला लागलं, पण मी तक्रार केली नाही.

डॉक्टरनं मोटरी हातात धरल्या, ताईनं दांडे फिरवले. हात थरथरला तरी आता तो तिनं पर्समध्ये घातला नाही. काच वाजली तशी वाजू दिली. लहान आकड्याची, लांब अंगाची, साध्या करड्या रंगाची एक मोटर होती. ताईनं तिचा दांडा दोनदा फिरवला. "ही समजूतदार आहे," ती म्हणाली. दुकानदारानं तिला साजेसा लहान पंखा दिला. पहिलवानला त्यानं परत घेतलं आणि ती पुन्हा वरच्या फळीवर, सोनेरी अंग चमकवत, पुढच्या शहाण्याची वाट बघत बसली.

तळ्यावरच्या वार्षिक शर्यतीच्या दिवशी मात्र वाद झाला. बेकरीवाला हा ताईखालोखाल तिथला सर्वांत वेगवान गडी. तो म्हणाला, "एका बोटीला दोन माणसं कशी चालतील? नियम काय आहे?"

सगळ्यांनी भावोजींकडं बघितलं. भावोजी खुर्चीतून उठले. त्यांना उठताना कुणी फारसं पाहिलं नव्हतं.

"एक बोट, एक रिमोट, हा नियम आहे," ते म्हणाले. "रिमोट किती हातांनी धरायचा, याबद्दल नियम काही म्हणत नाही. तुम्हाला हवं तर तुम्हीही बायकोला घेऊन या आणि न भांडता एक फेरी करून दाखवा."

बेकरीवाल्यानं आपल्या बायकोकडं पाहिलं, तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं हरकत मागं घेतली.

मी डॉक्टरच्या खिशातून सगळं ऐकलं. करडी मोटर काय गायली! माझ्यासारखं कण्हणं नाही, घरघर नाही. ताई वळणाआधी वेग कमी करून सांगायची, "फिरव... फिरव... आता धर," आणि डॉक्टर तसं चाक फिरवायचा. शेवटच्या वळणाला तर दोघांनी एक शब्द उच्चारला नाही. सगळं तळं त्या शांततेनं गोंधळलं. बेकरीवाला पहिला आला, आणि त्याच्या मागं बोटभर अंतरानं आमची पांढरी बोट. दुसरा नंबर! डॉक्टरच्या जन्मातला पहिला दुसरा नंबर.

लगेच भांडण सुरू झालं. "तू मधल्या वळणाला उशीर केलास." "तू सुरुवातीला वेग खाल्लास." दोष या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरत राहिला आणि शेवटी दोघांनी वाटून घेतला. मोटरचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मला त्या करडीची दया आली. एवढी वर्षं एका माणसाच्या सगळ्या चुका पोटात घालणं, हे तिला कधी जमणार? चांगल्या मोटरीला ते सुख नाही.

आता माझं विचाराल, तर मी दवाखान्यात असते. डॉक्टरनं माझं तोंड खरडून साफ केलं, नवे कार्बन बसवले आणि दांड्यावर एका बाजूला शिशाचा तुकडा चिकटवला. त्यामुळं मी फिरले की जागच्या जागी थडथडते. माझ्यावर एक पत्रा ठोकलाय. दातांच्या कवळीचा साचा ओतताना ओलं प्लास्टर त्या पत्र्यावर ठेवतात. मी थडथडले की प्लास्टरमधले हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि साचा नितळ होतो. रेसिंगची मोटर आज कवळ्या घडवते. स्टिकरवरच्या ज्वाळांवर प्लास्टर सांडून त्यांची आता फक्त शेपटं दिसतात. मीही त्यांच्याकडं फारशी बघत नाही.

आत्ताच ताई दाढ दाखवायला आली. डॉक्टर साचा ओतत होता. ती जवळच्या स्टुलावर बसली आणि उजवा हात तिनं माझ्या पत्र्यावर टेकवला. हात थरथरत होता, मी थरथरत होते. थोड्या वेळानं कोण कोणाला थरथरवतंय ते मलाही कळेना. ताई एकदम हसायला लागली.

"छोट्या, इकडं ये. हिला बघ. हिला तर थरथरण्यासाठीच कामावर ठेवलंय!"

डॉक्टरनं साच्यावरून मान वर केली. "आणि काम चांगलं करते."

"मोटर कमी पडत नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "आता अजिबात नाही."

तर मंडळी, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरात एखादं जुनं यंत्र असेल, तर फेकण्याआधी त्याचा एखादा दोष कुठं उपयोगी पडतो का, ते बघा. आता मला रजा द्या. ताईनं हात अजून काढलेला नाही आणि प्लास्टर घट्ट होत आलंय.